हंड्याचा गळा

सोम. ४ ऑगस्ट २०२५
उल्हासनगरहून जुनी पुस्तकं आली. गणिताची तीन, रु. २४०. वह्या चार, रु. १२०. बेलफूल रु. १०.
अकरावीत अनुयाला गणित सोडायला मीच लावलं. त्याचा क्लास वेगळा, फी वेगळी. "जीवशास्त्र घेतलंयस ना, मग ते कशाला?" — माझेच शब्द. आता एमएस्सी होऊन पोरीला बायोइंजिनिअरिंगचं एम.टेक. करायचंय, आणि फेब्रुवारीतल्या प्रवेश परीक्षेत तेच गणित! शिवमंदिरात रांग मोठी. एवढंच मागितलं, माझी चूक तिला भोवू नये.

सोम. ११ ऑगस्ट
बदलापूरच्या कुमुदिनीबाई शिकवायला तयार झाल्या. शाळेतून निवृत्त. कान गेलेत, फोनचा उपयोग नाही. अनुयाला एमआयडीसीतल्या लॅबमधून सुट्टी मिळत नाही. तेव्हा दर सोमवारी वही मी न्यायची, बाईंकडून समजून घ्यायचं, घरी येऊन तिला सांगायचं. मी — दहावी पास!

१८ ऑगस्ट
काही कळलं नाही. तसं वहीत लिहून दाखवलं. बाई हसल्या, चहा टाकला. उपास मोडला नाही, बिनदुधाचा होता.

२५ ऑगस्ट
आज बाई पुस्तक मिटून म्हणाल्या, "सरू, हंडा भरतेस ना? नळ तोच, धार तीच. मग पाणी पोटात हळू नि गळ्यात भराभर का चढतं? ह्या घडीला किती वेगानं चढतंय, तेवढंच काढायचं."

२६ ऑगस्ट
सकाळी पाणी आलं. हंड्याकडे बघतच राहिले, भरून वाहिला तरी. अनुयाला जेवताना सांगितलं. तिनं ताट सारलं, वही ओढली. "आई, परत सांग."

सोम. १० नोव्हेंबर
बसमध्ये वही चाळताना अनुयाची एक चूक दिसली. अधिकचं वजा केलं, शिसपेन्सिलीनं. बाईंनी लगेच ओळखलं — हे अक्षर तिचं नव्हे. मी मान खाली घातली. त्यांनी त्यावर लाल खूण केली. बरोबरची.
घरी सांगितलं तर हे म्हणाले, "परीक्षा नक्की कोणाची आहे?" मी भाजी चिरत राहिले.

८ फेब्रुवारी २०२६
पेपर झाला. गणित सगळं सोडवलं म्हणते.

२३ मार्च
पास! देवाला नारळ. बाईंना पेढे. बाईंनी माझ्याच हातावर पहिला ठेवला.

सोम. १३ जुलै
काल अनुया एम.टेक.साठी हैदराबादला गेली. पुस्तकं इथंच ठेवून गेली, तिकडे लायब्ररी आहे. घर कसं गप्प आहे.
आज वही न्यायची नव्हती. तरी बसची वेळ झाली तशी चप्पल घातली. दारात उभी राहिले. परत काढली.

१४ जुलै
पोस्टकार्डावर लिहायचं ते आधी इथं —
ती. बाईंस सरूचा नमस्कार. अनुया सुखरूप पोचली. येत्या सोमवारी माझी वही घेऊन आले तर चालेल का? अकरावीपासून. फी पूर्ण घ्या. उलट टपाली कळवा.