तीनपानी

११ जानेवारी
वहीचं पहिलं पान. मोबाइलवर एक बाई सांगत होती, रोज एकाच जागी बसा, दिसेल ते लिहा, जमेल तसं काढा, नावं आली नाहीत तरी चालतं. मी तलावाची पार, म्हणजे काठचा बांध, निवडली. सासूबाईंनाही नेलं. त्यांना घरी एकटं ठेवायची सोय आता राहिली नाही. तुमसरचे डॉक्टर म्हणाले, विसरणं वाढत जाईल, बोलतं ठेवा. म्हणजे एका दगडात दोन पक्षी. (निसर्गाच्या वहीत ही म्हण बरी दिसत नाही.)
धुकं. पाणी कुठे संपतं तेच कळेना. तपकिरी बदकं शीळ घालत उठली आणि धुक्यात गेली. ना.मा.ना. म्हणजे नाव माहीत नाही. ही खूण पुढे पुष्कळ लागणार.

१३ जाने.
बगळा काढला. आईंनी (सासूबाईंनी) वही लांब धरून बघितली. "कोंबडी काहून काढली वो?"

१७ जाने.
माणसांची नावं आईंच्या हातून सुटत चाललीत. झाडांची मात्र तोंडपाठ! धानाच्या बांधीत लाखोळी निळी फुलली आहे. त्या म्हणतात लाखोरी. डोळ्याला डोरा. ळ त्यांच्या तोंडी येतच नाही, इथे सिहोऱ्यात जुन्या बऱ्याच जणांचं तसंच. मी तुमसरची, मला अजून गंमत वाटते.
धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, एका झाडाकडे बोट करून म्हणाल्या, "ते तीनपानी." लिहून घेतलं. तीनपानी. किती छान नाव.

२० जाने.
तीनपानी फोनवर सापडत नाही. शेजारणीला विचारलं, तिनेही ऐकलेलं नाही. एखादं दुर्मीळ झाड आपल्याच धुऱ्यावर असेल तर? उगीच हवेत आहे दिवसभर.

२२ जाने.
हवेतून खाली. मामाजी (सासरे) खाटेवर बसून पोट धरून हसले. "अवो, परस हाये तो! पळस!"
पानं तेवढी पाहिली, झाड ओळखलं नाही. वा रे निसर्गप्रेमी.
"मग आई नाव काहून नाही घेत?"
"माझं नाव काय हाये?"
परसराम. पळसाचा झाला परस, आणि परस म्हटलं की नवऱ्याचं नाव आलं. लग्न झाल्यापासून आईंसाठी ते झाड बिननावाचं. आईंनी पदर डोक्यावर ओढून घेतला, नव्या नवरीसारख्या लाजल्या.
कुठेही जा, पळसाला पानं तीनच. ही म्हण कशी म्हणता, म्हणून आईंना विचारलं.
"कुठीबी जा, त्याईले पानं तीनच."
मामाजी पुन्हा हसत सुटले.

४ फेब्रु.
आज आईंनी मला बेबी म्हणून हाक मारली. बेबी त्यांची धाकटी बहीण. मी ओ दिली. दिवसभर जड गेलं.
संध्याकाळी मामाजींनी मुद्दाम छेडलं, "सांग ना, ते झाड कोनतं?"
"गप बसा तुमी."
जीवात जीव आला. बाकी सगळं पुसलं तरी हे पक्कं आहे. नाव घ्यायचं नाही हे आठवतंय, तोवर आपण कोणाची बायको तेही आठवतंय. हे गेलं तर मामाजींचं काय होईल, याची मला भीती वाटते.

१६ फेब्रु.
पळसाची पानं गळली. फांद्यांवर काळपट मखमली कळ्या, वाकलेल्या. तलावाचं पाणी उतरलंय, कडेच्या चिखलात लांब पायांचा एक छोटा पक्षी एकटाच, ना.मा.ना. आई माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या. वारा पडला. मलाही डुलकी लागली असावी, कारण मध्येच वाटलं की आम्ही दोघी पाण्याच्या खालून वर बघतो आहोत, आणि तिथे फार बरं आहे.

२ मार्च
दोन आठवडे लिहिलं नाही. आईंना ताप होता. उतरला. जेवताना शब्द शोधतात, भाताला हे म्हणतात. डॉक्टर म्हणाले, तापानंतर असं...

७ मार्च
आज पारीवर आणलं. काठी टेकत मामाजीही आले. पळस फुललाय, झाडावर एक पान नाही. साळुंक्या फुलांत चोची बुडवत होत्या. आई कितीतरी वेळ वर बघत राहिल्या. मग सरळ, मोकळ्या आवाजात म्हणाल्या,
"परस फुलला."
पदर खांद्यावरच होता.
मामाजी टाळी वाजवून हसले. "आयकलं काय वो? नाव घेतलं! माझं नाव घेतलं हिनं!" डोळे पुसले. आईही त्यांच्याकडे बघून हसल्या. पाहुण्याकडे बघून हसतो तसं, की नेहमीसारखंच? मला ठरवता येईना.
घरी येईपर्यंत मामाजी म्हणत होते, "आखीन एकडाव म्हन." आणि आई म्हणत होत्या, परस. परस. मी मागून चालत होते. मामाजींना कळलंय की नाही, ते मला त्यांच्या पाठीवरून कळलं नाही.