पिवळ्या पानांचे फोटो

प्रिय चिमे,

मनी प्लांटचा फोटो अजून का नाही पाठवलास म्हणून तुझे निरोपावर निरोप येतायत. नाही पाठवला, आणि पाठवणारही नाही. पत्र लिहितेय, कारण फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस. मध्येच कुणाचं तरी झाड मरायला टेकतं आणि तुला जावं लागतं. हे तरी शेवटपर्यंत वाच.

तू चांगली नोकरी सोडून घरातल्या झाडांची डॉक्टर झालीस, लोक तुला पानांचे फोटो पाठवतात, तू काय बिघडलंय ते सांगतेस आणि त्याचे व्हिडिओ करतेस, याचं आईला केवढं कौतुक! मी एक्स-रे काढते. म्हणजे काय बिघडलंय त्याचे फोटो मीही दिवसभर काढतच असते, पण त्याचं कौतुक कोण करणार? तू गेलीस तेव्हा तुझ्या कुंड्या इथेच ठेवून गेलीस. कुंड्या आणि आई, दोन्ही माझ्याकडे.

मनी प्लांटची खालची पानं पिवळी पडायला लागली तेव्हा मी तुला पहिला फोटो पाठवला. तू लगेच सांगितलंस, पाणी जास्त होतंय. मातीत बोट खुपसून बघ, वरची माती कोरडी झाल्याशिवाय थेंब घालायचा नाही. मी म्हटलं, अगं, मी फक्त रविवारी घालते. तुला खरं वाटलं नाही. तू झाड कुंडीतून उपसायला लावलंस. मुळं काळी आणि मऊ झाली होती, कुजका वास येत होता. काळी तेवढी कात्रीनं कापली, नवी माती घातली, कुंडीची भोकं बुजली नाहीत ना तेही पाहिलं. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. मग तू माझा जो उद्धार केलास! ताई, तुला साधं झाडाला पाणी घालता येत नाही, म्हणालीस. मी ऐकून घेतलं. तुझं ऐकून घ्यायची सवय आहेच.

आणि मग एका सुट्टीच्या सकाळी मी स्वयंपाकघरात भाजी निवडत बसले होते. आई पेला घेऊन आली, खिडकीतल्या मनी प्लांटला पाणी घातलं, लेकराचं तोंड पदरानं पुसावं तसं एक पान हलक्या हातानं पुसलं आणि गेली. जरा वेळानं परत आली, पेला भरला, घातलं. पुन्हा आली. मी म्हटलं, आई, अगं आत्ताच घातलंस ना! ती हसली. मी कुठे, म्हणाली, मी तर आत्ता उठतेय. बाहेरच्या खोलीत जाऊन बघते तो प्लास्टिकच्या फुलांच्या फुलदाणीतसुद्धा काठोकाठ पाणी. आधी मला हसू फुटलं, चिमे. मग ते कुठल्या कुठे गेलं.

तुझं निदान बरोबरच होतं. पाणी जास्त होत होतं. कोण घालतंय आणि का, एवढंच तू विचारलं नाहीस.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या, आजाराचं नाव सांगितलं आणि हे आता वाढतच जाणार असंही सांगितलं. दवाखान्याच्या जिन्यातूनच मी तुला फोन केला. तू म्हणालीस, वय झालंय गं तिचं, या वयात सगळेच विसरतात, तू उगाच बाऊ करतेस. आणि त्याच दमात विचारलंस, स्नेक प्लांट उन्हातून हलवलास का. मी म्हटलं, हलवला.

त्यानंतर स्पायडर प्लांटच्या पानांची टोकं तपकिरी व्हायला लागली. तुला फोटो हवा होता, पान नीट दिसेल असा, म्हणून आईनं पान हातावर धरलं. तिच्या अंगठ्याला ही एवढी पट्टी होती. गॅसवर रिकामं भांडं ठेवून विसरली आणि आठवल्यावर तेच नुसत्या हातानं उचललं. फोटोत पानापेक्षा पट्टीच जास्त दिसत होती. तुझं उत्तर आलं, हवा कोरडी आहे, नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून मग घाल, वाळलेली टोकं कातरून टाक. पट्टीबद्दल एक अक्षर नाही. वर तोच फोटो तू व्हिडिओत दाखवलास, पान ठेवून आणि हात कापून. आईनं तो पडद्याला नाक लावून पाहिला आणि मला विचारलं, माझा हात कुठे गेला गं? त्या दिवशी तू समोर असतीस तर मी तुझ्या थोबाडीत मारली असती.

खोटं कशाला बोलू, तुझा एक सल्ला मात्र कामाला आला. रबर प्लांटवर कापसासारखी पांढरी कीड पडली तेव्हा तू बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पुसायला सांगितलंस. आई आणि मी समोरासमोर बसून एकेक पान पुसलं. ती खूश होती. तू लहानपणी आजारी पडलीस की औषध आधी बाहुलीला पाजायला लावायचीस, ते रंगवून सांगत होती. सगळं तुझंच, तुझ्या नावासकट. तिचे केस मी विंचरते, गोळ्या मी देते, घराबाहेर पडून रस्ता चुकली की शोधायला मी धावते. पण माझी एकही गोष्ट तिला आठवली नाही. माझा जळफळाट झाला. लाड तुझे आणि कामं माझी, हे आपल्या घरात कुणी ठरवलं कोण जाणे.

पण हे उगाळायला पत्र लिहिलेलं नाही, उगाळताना बरं वाटलं तरी. तू पुढच्या महिन्यात येऊन इथल्या कुंड्यांवर व्हिडिओ करणार आहेस, तिला कॅमेऱ्यासमोर बसवून तुझ्या लहानपणीच्या गोष्टी तिच्याकडून वदवून घेणार आहेस, असं कळवलंस, म्हणून लिहितेय. परवा शेजारच्या काकू आल्या होत्या. धाकटी कधी येणार, असं त्यांनी आईला विचारलं. आई गोंधळली. धाकटी कुठली, म्हणाली, मला ही एकच मुलगी. आणि तिनं माझा हात धरला. मी तुझा फोटो आणून दाखवला, तर परक्या माणसाच्या मुलीला म्हणावं तसं, गोड आहे हो, म्हणाली आणि परत दिला. एकदा तरी तिनं मला असं आपलं म्हणावं, असं मला आयुष्यभर वाटत आलं. परवा ती तसं म्हणाली, आणि मला रडू आलं ते तुझ्यासाठी. तुझ्यासाठी रडायची माझी मुळीच इच्छा नव्हती. तू ये. उद्याच ये. पण कॅमेरा आणू नकोस, आणि दारातूनच, आई, मी कोण ते ओळख बघू, असं विचारू नकोस. आत ये, तिच्या शेजारी बस आणि तिला तुझं नाव सांग.

तुझीच, राग गेलेला नसला तरी तुझीच,
ताई