तिसऱ्या वाक्याचा पुरावा

प्रिय धाकट्या,

तुझा निरोप मिळाला. लेकीच्या इतिहासाच्या बाईंना शाळेतून काढावं असा अर्ज हवाय, तोही माझ्या हातचा, कारण घरात अक्षर माझं चांगलं. कामापुरती बरी आठवते रे तुला बहीण! शुक्रवारी शाळेची समिती बसणार, त्याआधी अर्ज पोचायला हवा, हेही कळलं.

बाईंचा गुन्हा काय, तर निबंधाखाली तांबड्या शाईने विचारलं, ‘हे तुझं मत की बाबांचं?’ तिसऱ्या दिवसापासून पोरगी तुझ्याशीच वाद घालायला लागली. झोंबल्या तुला मिरच्या. खरं सांगू? तो निबंध तिने मलाही पाठवला होता. अथपासून इतिपर्यंत तूच बोलतोयस त्यात. बारा वर्षांची पोर ‘आमच्या काळी शिस्त होती’ असं लिहिते, म्हणजे कमालच झाली!

आमचे ‘उलटे सर’ तुला आठवायचे नाहीत, तू तेव्हा पाटीवर रेघोट्या ओढत होतास. ते सोमवारी फळ्याच्या कोपऱ्यात स्वतःचं एक मत लिहायचे. शनिवारपर्यंत जो ते पुराव्यानिशी खोडेल, त्याच्या हाती डस्टर. नुसती मान डोलावणाऱ्याला शून्य. माणूस हट्टी होता, सहजासहजी हार मानायचा नाही. मला डस्टर एकदाच मिळालं, तेव्हा माझ्यापेक्षा तेच जास्त खूश झाले होते. एकदा मी वहीत लिहिलं, कष्ट करणारा कधी गरीब राहत नाही. आपल्या आप्पांचं लाडकं वाक्य ते. सरांनी विचारलं, मग शाळा झाडणाऱ्या मावशी कष्ट करत नाहीत का? असा राग आला म्हणून सांगू! त्यांना खोटं पाडायला आठवडाभर मावशींच्या मागे फिरले, किती खोल्या, किती बादल्या, हातात पगार किती, सगळं लिहून काढलं. खोटं ठरलं ते माझंच वाक्य. तो कागद जेवताना आप्पांपुढे ठेवला, तर ते ताट सरकवून उठले.

पुढचं तुला आजवर सांगितलं नाही. आप्पांनी अर्ज केला आणि सरांना शाळा सोडावी लागली. तो अर्ज माझ्या हातचा आहे. आप्पा सांगत गेले, मी लिहीत गेले. तिसरं वाक्य होतं, ‘हे गृहस्थ मुलांना आईबापांविरुद्ध भडकवतात.’ धडधडीत खोटं आहे हे ठाऊक असून लिहिलं. दोन वर्षं माझ्या वह्या तपासलेला माणूस, अर्ज समोर ठेवल्यावर अक्षर ओळखणारच. जाताना त्यांनी माझी वही परत दिली. शेवटच्या पानावर तांबड्या शाईत होतं, ‘अक्षर सुरेख. तिसऱ्या वाक्याचा पुरावा?’ वही अजून माझ्या कपाटात आहे. उत्तर द्यायचं राहूनच गेलं, आणि त्याची मला आजही लाज वाटते. म्हणून तुझा अर्ज मी लिहिणार नाही. शुक्रवारी वही घेऊन येतेय, समितीपुढे ते पान वाचणार, बाईंच्या बाजूने. रागावलास तरी जेवायला वाढ.

तुझीच,
ताई