मी डिकीत बसलो की आवाज थांबतो

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण कंबर अर्ध्यातच अडकते, तेव्हा जेवढा पोचेल तेवढा गोड मानून घ्या. मामींचे गुडघे कसे आहेत? तुम्ही दिलेल्या गाडीची चौकशी तुम्ही करालच, म्हणून आधीच सांगतो: गाडी उत्तम आहे, प्रकृती माझी बिघडली आहे.

झालं असं, की गाडी मागून वाजू लागली. गिअर टाकला की 'ठण', खड्डा आला की 'खडाक'. तुमच्या सूनबाईंनी जाहीर केलं, की हा आवाज असेपर्यंत मी या गाडीला हात लावणार नाही. (गाडी तीच चालवते. मी शेजारी बसून फक्त मार्गदर्शन करतो.) गॅरेजवाल्याने गाडी जॅकवर चढवली, इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा गदागदा हलवला आणि त्याचा झिजलेला सांधा बदलला. 'ठण' गेला. 'खडाक' मात्र काही केल्या सापडेना. शॉकअप म्हणावा तर शाबूत, स्प्रिंग म्हणावी तर जागच्या जागी. शेवटी तो म्हणाला, "कोणीतरी डिकीत बसून ऐकलं पाहिजे." आपल्या घराण्यात कान माझेच तिखट, हे तुम्ही जाणताच.

त्याच्या विनंतीवरून हिने गाडी काढली, मी डिकीत शिरलो, आणि काय सांगू, आवाज बंद! गल्लीतले सगळे खड्डे झाले, गाडी गपगार. "तुम्ही मागे असलात की किती छान चालते हो," असं ही सिग्नलला मोठ्याने म्हणाली. (शेजारचा स्कूटरवाला उगाचच लाजला.) नंतर एक दिवस डिकीत माझ्याऐवजी वाळूचं पोतं ठेवून, मी हिच्या शेजारी बसून पाहिलं. मला काही ऐकू आलं नाही, पण ही म्हणाली आवाज येतोय, म्हणजे येतोय. तेव्हापासून बाजार, ऑफिस, हिचं माहेर, सगळीकडे मी डिकीतूनच जातो. "डावीकडे घे, ब्रेक दाब" असं आतून ओरडतो, पण पुढे पोचत नाही. तिच्या शेजारची सीट रिकामी जाते याचं मात्र फार वाईट वाटतं, मामा.

आपला,
घडी पडलेला भाचा

ता. क. खरं काम हे: रविवारी आमच्या लग्नाचा वाढदिवस. अंगापिंडाने तुम्ही माझ्यासारखेच. त्या दिवसापुरते डिकीत बसाल का? मला हिच्या शेजारी बसायचं आहे. उशी देतो.

पुन्हा ता. क. पत्र टाकायला निघालो तर गॅरेजवाला भेटला. शॉकअपच्या बुडातलं रबर त्याने पोत्याच्या आदल्या दिवशीच बदललं होतं, आवाज तेव्हाच गेला, आणि तसं त्याने बाईसाहेबांना सांगितलंही होतं. तरी तुम्ही रविवारी याच. डिकीत नको, पुढे बसा, आणि तिला हळूच विचारा, की तो तोंड मिटून बसला तर त्याला पुढे घेशील का.