पाचव्या थराला चित्र थांबतं

११ जुलै, मंगळवार

आज परत मेला! एक डब्बा लॅबच्या खिडकीत, दुसरा चौकापलीकडे चाळीच्या दुसऱ्या माळ्यावर — दोन्ही मीच चढून बसवलेत. मधे वायर नाही, काही नाही, हवेतून पिक्चर जातं. संध्याकाळपर्यंत मस्त चाललं होतं. मग पडद्यावर चित्र गोठलं. सेसिलियाने कपाळावर हात मारला. डब्बा तिचा, डोकं तिचं. लॅबचे मुख्य जगदीश सर ओरडले, "बोर्ड बदला!" बदलला. नवा बोर्ड पण मेला.

मला कारण माहीत आहे. सांगणार नाही! सरांनी काल सगळ्यांसमोर मला "दहावी नापास टेक्निशियन" म्हटलं. शोधा म्हणावं आता. आणि नापास एकदाच झाले होते. दुसऱ्या वेळी पास. पस्तीस म्हणजे पासच.

१३ जुलै

सांगून टाकलं. सेसिलियाने नखं खाऊन संपवली होती, बघवेना. तिला खिडकीशी नेलं. खाली चौकात आमच्या पोरींच्या गोविंदा पथकाची प्रॅक्टिस चालू होती. मी आज दांडी मारलेली. म्हटलं, "बघ. चौथा थर, चित्र चालू. आता वर तुळसा चढतेय… आता पडद्याकडे बघ." तुळसा उभी राहिली. चित्र गोठलं!

तुळसा म्हणजे शिवडीच्या कोळणीची पोर. पंधराची, सगळ्यांत हलकी. तिच्या पाठीने अडतं सगळं. डब्ब्यातून निघणारी लहर टॉर्चच्या झोतासारखी बारीक, भिंत सोडा, माणूस आडवा आला तरी खलास. माणसात पाणी असतं ना, ते गिळतं तिला.

"आणि तुला हे कधीपासून माहीत?"

"मंगळवारपासून."

"दमयंती!" पूर्ण नाव. एरवी दमी. म्हणजे खरंच चिडली. मग एकदम हसायला लागली. "अगो, असाच अडथळा पाहिजे होता मला! पुठ्ठे धरून धरून कंटाळले मी."

१७ जुलै

सरांनी मीटिंग घेतली. हसणं संपलं.

आमचा डब्बा ज्या नव्या मोबाइलसाठी, त्याचे नियमच अजून ठरलेले नाहीत. कुठली फ्रिक्वेन्सी, डब्ब्यांनी एकमेकांशी कसं बोलायचं, सगळं डिसेंबरात बाहेरदेशी बसून ठरवणार. तोवर जो तो अंदाजाने बनवतोय. पायाचं माप न घेता चप्पल शिवायची! आम्हाला पैसा पुरवतात दिल्लीचे लूथरा साहेब. ते तिकडे एकच डब्बा घेऊन जाणार. आमचा, नाहीतर बंगलोरवाल्यांचा. बंगलोरवाल्यांचा गेला की आमची लॅब ऑगस्टअखेर बंद. सेसिलियाची सगळी वर्षं भंगारात. आणि मी परत केबलवाल्याकडे, गच्च्यांवरून उड्या मारत.

दहा ऑगस्टला साहेब येणार. माणूस आडवा आला तरी चित्र तुटता कामा नये. एवढंच बघणार.

२२ जुलै

चाळीतली पोरं डब्ब्याला हात लावतात म्हणून मी पाटी लावली — "सावधान! केस गळतात." संध्याकाळी चाळीतले हेरंबकाका लॅबमध्ये हजर. डोक्यावर औषधाला केस नाही. "तरीच!" म्हणतात. भरपाई मागतात! सेसिलियाने पाटी काढायला लावली. हसत होती पण.

२८ जुलै

सेसिलियाची युक्ती अशी — समोरच्या टॉवरच्या काचेवर आपटून येणारी दुसरी वाट डब्ब्याने आधीच शोधून ठेवायची. सरळ वाट अडली की तिकडे उडी. आज उडी मारली, पण उशिरा. चित्र गोठलं, मग आलं. सेसिलिया म्हणाली, "तुळसाला जरा जास्त वेळ उभी ठेव ना."

मीराबाईंना विचारलं. पथक त्यांचं. त्यांचे मिस्टर इथल्या कापड मिलमध्ये होते, गिरणी संपापर्यंत. आता तिथे आमची लॅब. म्हणाल्या, "थर म्हणजे काय कपाट हाय, लावून ठेवलं? खालच्या पोरींच्या खांद्यांना इचार आधी." पण पोरींना वर थांबवलं. माझ्यासाठी.

मी तिसऱ्या थरात असते. डोळ्यांत घाम. तुळसाच्या टाचा थरथरतात ते खाली मला कळतं.

५ ऑगस्ट

जमलं! चित्र हललंसुद्धा नाही! सेसिलियाने पोरींना वडापाव दिला. सरांनी मला "वा" म्हटलं. एकच, पण म्हटलं.

१० ऑगस्ट, गुरुवार

लिहायचं नव्हतं. तरी लिहिते.

पहिल्या वेळी टिकलं. सेसिलिया वरून ओरडली, "टिकलं गो!" आम्ही उतरलो. पोरी नाचायला लागल्या. लूथरा साहेब टाळ्या वाजवत खाली आले. मग म्हणतात, "बढ़िया! लेकिन ये तो धीरे-धीरे चढ़ती हैं. बॉक्स को टाइम मिल जाता है. एक बार और. ज़रा फास्ट?"

मीराबाई म्हणाल्या, "नाय. दमल्यात पोरी." सर माझ्याकडे बघायला लागले. सेसिलिया खिडकीतून मान हलवत होती — नको, नको.

"होऊन जाऊ दे!" मीच म्हटलं. मी! तुळसाला विचारलं पण नाही. ती हसत हेल्मेट बांधायला लागली.

भराभर चढलो. चौथा थर नीट बसलाच नव्हता. तुळसा उभी राहिली आणि माझ्या खांद्यावरचा पाय सटकला. सगळ्या एकदम खाली. आधी काहीच आवाज नाही. मग तुळसाची किंकाळी.

उजवा हात, दोन ठिकाणी. केईएम हॉस्पिटलला नेलं. बाकीच्यांना खरचटलंय. मला तेवढंही नाही.

चित्राचं काय झालं ते कोणी विचारलं नाही. साहेबांची गाडी कधी गेली तेही कळलं नाही.

११ ऑगस्ट

तुळसाची आई वॉर्डाबाहेर बसली होती, रिकामी टोपली शेजारी. वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाली, "दमे, तू हो बोललीस ना? मंग ती नाय कशी बोलल? तुझ्यावर जीव हाय तिचा."

आत तुळसा. हात प्लास्टरमध्ये. पहिलं काय विचारलं तिने? "चित्र टिकलं काय गो?"

माहीत नाही म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.

१५ ऑगस्ट

दहीहंडी. आमचं पथक कुठेच गेलं नाही. खालून दुसऱ्यांचे ट्रक, भोंगे. खिडकी लावून पडून राहिले.

१८ ऑगस्ट

लूथरा साहेबांचा मेल! सेसिलियाने वाचला आणि मराठीत सांगितला. आमचा डब्बा निवडला. लॅब चालू राहणार! कारण काय — पोरी पडल्या तेव्हासुद्धा चित्र तुटलं नाही. धाडकन अडलं, धाडकन मोकळं झालं, डब्ब्याने दोन्ही पकडलं. असलं रेकॉर्डिंग बंगलोरवाल्यांकडे नाही म्हणे.

सर उठून माझा हात हलवायला लागले. सेसिलिया वाचतच होती. खाली अजून होतं. डिसेंबरच्या आधी तशीच पडण्याची टेस्ट आणखी काही वेळा पाहिजे. नाहीतर बंगलोरचं बघू. वाळूच्या गोण्या चालणार नाहीत. गोणीत पाणी नसतं, माणसात असतं.

सरांनी माझा हात सोडला.

"पोरींना मॅट देऊ," म्हणाले. "इन्शुरन्स काढू."

सेसिलियाने विचारलं, "काय लिहू, दमी?"

म्हटलं, "उद्या सांगते." गेल्या वेळी पटकन बोलले होते.

१९ ऑगस्ट

सकाळी गेल्या गेल्या सांगितलं, "लिही — पडायला तयार आहोत. फक्त सगळ्यांत खालच्या थरात साहेब स्वतः पाहिजेत."

सेसिलियाने जसंच्या तसं टाइप केलं. सेंड दाबलं.

सर धावत आले. "अगं, मस्करी करत होती ती!"

सेसिलिया म्हणाली, "नव्हती."