ह्यांची फियाट आणि माझा अल्टरनेटर

३ नोव्हेंबर, सोमवार

"वहिनी, रविवारी भंगारवाला येतोय. फियाट घेऊन जाईल."
नवनाथ भावजी चहा पिता पिता बोलले. विचारलं नाही – सांगितलं! हे जाऊन वर्षसुद्धा झालं नाही, आणि ह्यांच्या धाकट्या भावाने माझ्या दारातली गाडी परस्पर देऊनही टाकली.
मी म्हटलं, गाडी कुठेही जाणार नाही.
"अहो, ती सुरूच होत नाही! आणि चालवणार कोण?"
मी. लायसन्स आहे माझ्याकडे.

४ नोव्हेंबर

मेकॅनिकने बॅटरी चार्ज करून बसवली. गाडी सुरू! पण समोरचा लाल दिवा काही विझेना. त्याने मल्टिमीटर लावला. इंजिन चालू, आणि आकडा बारा व्होल्ट. चौदाच्या आसपास हवा म्हणे. पट्टा ठीक आहे, म्हणजे बॅटरी भरणारा अल्टरनेटर गेला. बॅटरी नुसती खर्च होतेय, भरत नाही. "ह्याचा नवा मिळणं मुश्कील. जुना शोधा, नाहीतर द्या सोडून. आणि घ्याल तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बाहेर असलेलाच घ्या, आतवाला चालणार नाही."

सोडत नाही!

५ नोव्हेंबर

हर्षालीचा पुण्याहून फोन. लेक माझी, बोली काकाची. "आई, कशाला डोक्याला ताप?" माझं डोकं, माझा ताप.

६ नोव्हेंबर

मेला अल्टरनेटर पिशवीत घालून सातपूरला गेले, जुन्या पार्टच्या दुकानात. दुकानदाराने चकचकीत रंगवलेला एक पुढे केला. "डोळे झाकून घ्या, ताई."

उघडेच ठेवले! दोन्ही शेजारी शेजारी मांडले. बोल्टचे कान जुळले, पुली जुळली. नंबराची पट्टी मात्र रंगाखाली. नखाने खरवडली – नंबर वेगळाच, आणि रेग्युलेटर आत. परत दिला. मग स्वतःच ढिगात हात घातला. तळाशी एक काळाकुट्ट सापडला. पदराने पट्टी पुसली. तोच नंबर!
"टेस्ट करून घेणार."
"टेस्टिंग-बिस्टिंग नाय होत इथं."
"मग ठेवा तुमच्याकडेच." निघालेच होते, तेव्हा कुरकुरत म्हणाला, शेजारच्या सहादूकडे लावून बघा.

सहादू गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. त्याने पुली हाताने फिरवली, कान लावला. "बेरिंग बरं हाय." मग मोटरला जोडला. चौदा! मी ओरडलेच.
"थांबा ताई, दिवे लावून बघू." हेडलाइटचे बल्ब जोडले आणि आकडा घसरत घसरत बाराच्या घरात. "डायोड गेलाय. काम पडलं की बसतोय."

रडू आलं. रागाचं! मग माझा पिशवीतला काढून त्याच्यासमोर आदळला. म्हटलं, ह्याचं नेमकं काय मेलंय ते तरी बघ.
त्याने उघडला. कॉइल जळून कोळसा. डायोड तपासले – सगळे ठणठणीत!
"मग ह्याचे त्याला बसव की!"
सहादू हसला. "दोघांचा एक करू म्हणता? होईल. उद्या या."

७ नोव्हेंबर

दिवे लावूनही पावणेचौदा! गाडीवर बसवला. लाल दिवा विझला.

९ नोव्हेंबर, रविवार

भंगारवाल्याचा टेम्पो दारात, भावजी त्याला रस्ता दाखवत होते. मी फियाट सुरू केली, फाटकापर्यंत आणली आणि हॉर्न दाबून धरला. "टेम्पो बाजूला घ्या!"

भावजींचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

तशीच सायखेड्याला, माहेरी गेले. चौकात गाडी दोनदा बंदही पडली. मागचे हॉर्न मारत होते. मारू देत! आक्काबाई मावशी अंगणात आली, गाडीत वाकून बघितलं. "जावई नाही... मग आणली कुणी?"
"मी."
"अगं बया!"

१६ नोव्हेंबर

गाडी विकली. मीच. मखमलाबादहून गाडी बघायला आलेल्या छायाला. बॉनेट उघडल्यावर तिचे डोळे लकाकले, तेव्हाच ठरलं. तीच चालवत घेऊन गेली.

भावजी बघतच राहिले. "मग एवढा हट्ट कशाला केलात, वहिनी?"

त्यांना काही बोलले नाही. इथे लिहिते. मला ती गाडी कधीच आवडली नव्हती. पेट्रोलच्या वासाने मळमळायचं, तरी दर रविवारी हसत शेजारी बसायचे.

द्यायचीच होती. पण माझ्या हाताने द्यायची होती!