हात लावणाऱ्याची जागा

४ मार्च १९९८, तिमलीन

पोहोचले एकदाची! आमच्या घरात मी पहिली पदवीधर. बाबा अजून मेंढ्या राखतात. गाडी सुटेपर्यंत ते सगळ्या उतारूंना सांगत होते की पोरगी इंजिनियर झाली, टॅक्सीवाल्यांच्या गॅरेजात निघालीय. गॅरेजचे मालक उस्ताद हम्मूंनी पुदिन्याचा चहा पाजला आणि ड्रायव्हरांना हाळी घातली की या रे, तुमच्या म्हाताऱ्यांना डॉक्टरीण आलीय. त्यावर मोहा नावाचा ड्रायव्हर म्हणाला, आधी माझी गाडी तपासा, सासूला नंतर आणतो.

पण काय त्या गाड्या! कुणी बारा लाख किलोमीटर धावलेली, कुणी पंधरा. इंजिनं दोनदा-तीनदा उघडलेली, तरी रोज सहा उतारू घेऊन घाट ओलांडतात. वेळेवर ऑइल बदललं, ग्रीस भरलं, व्हॉल्व्ह जुळवले, ब्रेक तपासले की म्हातारी गाडीही इमानदार राहते. मी ठरवलंय, गरज नसताना एकही सुटा भाग कुणाच्या गळ्यात मारायचा नाही. ह्या माणसांना आजवर सगळ्यांनी लुबाडलंच आहे.

९ मार्च

इथली एक रीत आज कळली. ज्याने ब्रेकला हात लावला, त्याने गाडीच्या पहिल्या फेरीला स्वतः बसून घाट उतरायचा. ड्रायव्हरशेजारी दोन उतारू दाटीवाटीने बसतात. त्यांतली दाराकडची जागा त्या दिवशी हात लावणाऱ्याची. मी हसले, म्हटलं यापेक्षा नीट मोजमाप घेतलेलं बरं. उस्ताद म्हणाले, मोजमाप घे की, कोण नको म्हणतंय? पण बसायचंही.

मग मोहाबरोबर गेले. तो वाटभर गात होता. प्रत्येक वळणावर मुद्दाम उशिरा ब्रेक दाबायचा आणि विचारायचा, डॉक्टरीणबाई, सकाळचं हरीरा सूप पोटात आहे ना अजून?

२० मार्च

उस्ताद पुतणीच्या लग्नाला गेलेत. मोहाच्या ब्रेकचं काम मी एकटीने केलं. पुढच्या उजव्या चाकाच्या रबरी नळीला बारीक तडे दिसले. नवी नळी शहरातून यायला आठवडा लागणार, तोवर गाडी उभी, म्हणजे मोहाच्या घरची चूल थंड. मी नळी पुसली, वाकवून पाहिली, पेडल दाबून पाहिलं. घट्ट लागलं. राहू दिली.

स्टँडवर गाडी भरली होती. मी बसणार, तोच गावातली लाल्ला रब्हा धावत आली. घाटापलीकडे तिची लेक बाळंत होत होती आणि दुसरी गाडी कधी भरेल याचा नेम नव्हता. मी माझी जागा तिला दिली. तिच्या अंगाला लवंगेचा वास होता. माझा गाल थोपटून म्हणाली, जा पोरी, तुझी जागा मी सांभाळते.

दिवसभर मला फार छान वाटत होतं.

२१ मार्च

काल घाट उतरताना मोहाची गाडी दरीत गेली. लाल्ला रब्हासकट कुणीच वाचलं नाही.

२५ मार्च

गॅरेज उस्तादांच्या नावावर, म्हणून पोलीस त्यांना घेऊन गेले. जाण्याआधी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं की नळ्या चांगल्या होत्या ना. मी हो म्हणाले. मग तू बसली का नव्हतीस, असं विचारलं. मी म्हणाले, पोटात दुखत होतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, देवानेच राखलं तुला. फौजदाराने विचारलं, काम कुणी केलं? तर म्हणाले की माझ्या गॅरेजातला प्रत्येक हात माझाच.

मी तिथेच उभी होते.

२ एप्रिल

बासू ड्रायव्हरची गाडी तपासली. रिकामी असूनही दाराकडच्या बाजूला झुकलेली. स्प्रिंग बदलली, तरी तशीच. बासू म्हणाला, डॉक्टरीणबाई, हिला लकवा झाला का हो? सगळे हसले. मीही हसले.

उस्तादांच्या जुन्या सहकाऱ्याने दुरुस्त केलेल्या गाड्या सरळ उभ्या आहेत. झुकतात त्या फक्त माझ्या हातच्या.

६ एप्रिल

बासूच्या गाडीचं दार उघडलं. दाराकडच्या जागेत खोलगट खळगा होता, कुणी बसल्यासारखा. माझ्यादेखत गादी हळूहळू वर आली. हात लावला तर ऊबदार. आणि लवंगेचा वास.

भर दुपारी. अंगणात सगळे चहा पीत होते. कुणाला सांगू?

९ एप्रिल

उस्तादांची बायको तूदा ठाण्यात भाकरी घेऊन गेली होती. ते जेवत नाहीत. मला म्हणाली, तुझीच चौकशी करतात गं, नीट खाते का ती पोरगी. मी सांगायला गेले आणि —

म्हटलं, खाते म्हणावं.

आज बासूची गाडी मागूनही खाली बसलीय. मागच्या चारही जागा.

११ एप्रिल

ठरलं. शहरातल्या मोठ्या साहेबाला सगळं सांगते. उस्ताद सुटले पाहिजेत. बासूच्या गाडीने चाललेय. ब्रेक मीच केलेत, सगळ्या नळ्या नव्या. रीतीप्रमाणे दाराकडे बसलेय.

गाडी रिकामी. भरल्याशिवाय निघायची नाही. वही मांडीवर घेऊन —

बासूने गाडी सुरू केली. मी म्हटलं, उतारू? तो म्हणाला, भरली की. मागे वळून कुणाला तरी सांगितलं, दार नीट ओढा. दार लागलं.

मला दाराशी चेपतंय. शेजारी कुणी नाही तरी — श्वास. मागेही. उतरता येईल अजून. पण उस्ताद —

घाट लागला. बासूने हसत विचारलं, ब्रेक तुम्हीच केलेत ना? मी मोठ्याने म्हणाले, हो, मीच. मोहाच्या गाडीचेही मीच. तडे दिसले होते मला. जागा मी दिली. उस्तादांचा काही दोष नाही.

बासू हसायचा थांबला. त्याला माझ्याशेजारी आता काहीतरी दिसतंय. पाय पेडलवर आहे, पण तो दाबत नाहीये, नुसता बघतोय — वळण आलं — मी ओरडले, दाब —

मागून सगळे एकदमच विचारताहेत, मग तेव्हा तू का नाही बसली